अहवालाचं काय झालं, तेही मानपत्रात लिहा

1994 साली रवांडाच्या राजधानीत, किगालीत, सेनेगलच्या सैन्यातले दोन कॅप्टन युनोची निळी टोपी घालून काम करत होते. त्यातल्या कॅप्टन म्बाये दियानच्या नावाने आज शांतिसैनिकांसाठीचं सर्वांत मोठं शौर्यपदक दिलं जातं. दुसरा कॅप्टन अमादू देम. त्याचं नाव चौकशांच्या आणि खटल्यांच्या कागदपत्रांत सापडतं, तेही कुणी मुद्दाम शोधलं तर. त्या वर्षी रवांडात तुत्सी जमातीची कत्तल झाली. दियानने ती सुरू झाल्यावर माणसं वाचवली. देमने कत्तलीच्या तीन महिने आधी शस्त्रं कुठे दडवली आहेत ते डोळ्यांनी पाहून वरिष्ठांना सांगितलं.

दोघांच्या धाडसात डावं-उजवं करायचा माझा विचार नाही. पण परदेशी शांतिमोहिमेवर गेलेल्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याचा गौरव कसा करावा, हा विषय निघाला की आपण लगेच पदक, मानपत्र, चौकाला नाव, शाळेत तसबीर यावर येतो. ते सगळं जरूर करावं. माझा आग्रह त्याच्या पुढचा आहे. या अधिकाऱ्याचं शौर्य गोळीच्या टप्प्यात उभं राहण्यात असतं, तसंच ते त्याने आणलेल्या खबरीत असतं, आणि खरं तर तिथेच जास्त असतं. ती खबर मिळाल्यावर आपण काय केलं, हे जी संस्था सांगत नाही, तिने दिलेलं पदक अर्धवट आहे.

रवांडाची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण शांतिसेनेतल्या गुप्तवार्तेचं इतकं उघडं दफ्तर दुसरीकडे क्वचितच मिळतं.

हुतू आणि तुत्सी या रवांडातल्या दोन जमाती. ऑगस्ट 1993 मध्ये हुतूंचं सरकार आणि तुत्सींचं प्राबल्य असलेली बंडखोर आघाडी यांच्यात अरुशा इथे करार झाला. तो पाळला जातोय का हे बघायला सुरक्षा परिषदेने ऑक्टोबरमध्ये शांतिसेना मंजूर केली. सेनापती कॅनडाचे रोमेओ दालेर. सैन्य अडीच हजारांच्या आसपास, गाड्या अपुऱ्या, दारूगोळा जेमतेम. गुप्तवार्तेसाठी ना अधिकार होता, ना पैसा. युनोचं हे जुनं सोवळं: आपण सदस्य देशात हेरगिरी करतो असं कुणी म्हणायला नको. त्यामुळे सैनिक पाठवायचे, पण त्यांनी आजूबाजूला काय शिजतंय याचा वास घ्यायचा नाही. दालेरनी तरीही एक छोटासा माहिती कक्ष उभा केला. त्यात बेल्जियमचा कॅप्टन फ्रँक क्लेस होता आणि हा देम.

जानेवारी 1994 च्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यापर्यंत एक माणूस पोचला. कागदोपत्री त्याचं नाव जाँ-पियेर. सत्ताधारी पक्षाच्या इंटराहाम्वे या तरुणांच्या टोळ्यांना प्रशिक्षण देणारा, म्हणजे अगदी आतल्या गोटातला. किगालीतल्या तुत्सींच्या याद्या करण्याचा हुकूम आपल्याला मिळालाय आणि त्याचा हेतू सगळ्यांना संपवण्याचा असावा, असं त्याने सांगितलं. आपली माणसं वीस मिनिटांत हजार जणांना मारू शकतात, हेही सांगितलं. बेल्जियमचे काही सैनिक मारले की बेल्जियम पळ काढेल, असा बेत असल्याचंही तो म्हणाला. शस्त्रांचे साठे दाखवायला तो तयार होता. मोबदल्यात त्याला स्वतःला आणि कुटुंबाला संरक्षण हवं होतं.

आता अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा? इथे गुप्तवार्ता अधिकाऱ्याची खरी कसोटी लागते. गोऱ्या बेल्जियन अधिकाऱ्याने पक्षाच्या मुख्यालयात पाऊल टाकलं असतं तर फाटकापासूनच बोभाटा झाला असता. फ्रेंच बोलणारा आफ्रिकी माणूस साध्या कपड्यांत खपून जाण्यासारखा होता. देम जाँ-पियेरबरोबर आत गेला, शस्त्रं पाहिली आणि परत आला. पकडला गेला असता तर युनोने हात वर केले असते, कारण अशा कामाची मोहिमेला परवानगीच नव्हती. शांतिसैनिकाला निळ्या टोपीचं जे काही संरक्षण असतं, तेही त्याने दाराबाहेर ठेवलं होतं. हे धाडस कॅमेऱ्यात येत नाही. त्यात एकही गोळी सुटत नाही. परत येऊन माणूस टेबलाशी बसतो आणि काय पाहिलं ते लिहून देतो, बस्स.

11 जानेवारीला दालेरनी न्यूयॉर्कला, युनोच्या लष्करी सल्लागारांच्या नावे, फॅक्स पाठवला. तो पुढे फार गाजला. त्याचा विषय खबऱ्याला संरक्षण मिळावं हा होता. छत्तीस तासांत शस्त्रसाठ्यावर छापा घालायचा बेत त्यात कळवला होता. या माणसाचं मतपरिवर्तन फार अचानक झालंय, हा सापळाही असू शकतो, अशी शंकाही त्यात प्रामाणिकपणे नोंदवली होती. मला त्या फॅक्समधला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. खबर आणणाऱ्याने ती फुगवली नव्हती, पाठवणाऱ्यानेही नाही. शेवटी फ्रेंचमध्ये एक ओळ होती, इच्छा असेल तर जमतं, चला, अशा अर्थाची.

न्यूयॉर्कहून उत्तर आलं की छापा घालू नका, ते तुमच्या अधिकारात बसत नाही. राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांना भेटा आणि ही माहिती त्यांच्या कानावर घाला. बेल्जियम, फ्रान्स आणि अमेरिकेच्या राजदूतांनाही सांगा. म्हणजे ज्यांच्या पक्षाच्या कार्यालयात शस्त्रं सापडली, त्यांनाच जाऊन सांगायचं की तुमच्याकडे शस्त्रं आहेत हे आम्हाला कळलंय! खबऱ्याला आश्रय द्यायला कुठलाही देश पुढे आला नाही. त्याचा संपर्क तुटला.

न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांची बाजूही बघायला हवी. तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 1993 मध्ये, सोमालियाच्या मोगादिशूत अमेरिकेचे 18 सैनिक मारले गेले होते. त्याआधी जूनमध्ये तिथेच 24 पाकिस्तानी शांतिसैनिक गेले होते. छापे घालण्याच्या नावाखाली आणखी एक सोमालिया व्हायला कुणालाच नको होता. शांतिसेना विभागाचे प्रमुख तेव्हा कोफी अन्नान होते. ते पुढे सरचिटणीस झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत स्वीडनचे माजी पंतप्रधान इंग्वार कार्लसन यांच्या समितीने 1999 च्या डिसेंबरमध्ये या सगळ्याचा स्वतंत्र चौकशी अहवाल दिला. त्या फॅक्सची दखल जशी घ्यायला हवी होती तशी घेतली गेली नाही, सुरक्षा परिषदेपर्यंत तो न पोचवणं चूक होतं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. स्वतःविरुद्ध चौकशी लावणं सोपं नसतं, एवढं श्रेय अन्नान यांना द्यायलाच हवं.

6 एप्रिलच्या रात्री हाब्यारिमानांचं विमान पाडलं गेलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान आगात उविलिंगियिमाना यांना ठार केलं, आणि त्यांच्या रक्षणाला गेलेल्या दहा बेल्जियन सैनिकांनाही. बेल्जियमने सैन्य काढून घेतलं. जाँ-पियेरने सांगितलेला बेत अक्षरशः तसाच पार पडला. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना 270 जणांपर्यंत खाली आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली.

इथे दियान येतो. तो लष्करी निरीक्षक होता, म्हणजे बिनहत्यारी. पाहायचं आणि कळवायचं, एवढंच काम. 7 एप्रिलला त्याने पंतप्रधानांच्या लपून बसलेल्या मुलांना आपल्या गाडीतून बाहेर काढलं. त्यानंतर आठवडेच्या आठवडे तो एकेका खेपेला तीन-चार माणसं गाडीत घालून नाक्यांवरून नेत राहिला. नाक्यांवर दारू प्यायलेली, हातात कोयते घेतलेली पोरं. त्यांना सिगारेट द्यायची, विनोद सांगायचे, नावाने हाका मारायच्या, कधी पैसे सरकवायचे. त्याने किती जीव वाचवले याचे अंदाज काहीशेपासून हजारापर्यंत जातात. नागरिकांना अशा रीतीने हलवायची त्याला परवानगी नव्हती. दालेरना हे ठाऊक होतं आणि त्यांनी काणाडोळा केला. 31 मे रोजी सरकारी सेनाप्रमुखांचा निरोप दालेरकडे घेऊन जात असताना एका नाक्यावर गाडीजवळ तोफगोळा फुटला आणि दियान गेला. कलेवर ठेवायला पिशवीसुद्धा मोहिमेकडे शिल्लक नव्हती.

त्याच्या नावाचं पदक सुरक्षा परिषदेने स्थापन केलं ते 8 मे 2014 ला. मधे वीस वर्षं गेली. त्या ठरावात एक वाक्य आहे: दियानच्या कुटुंबाला युनोच्या मुख्यालयाकडून कृतज्ञतेचा एक शब्दही कधी मिळाला नाही, याची खेदपूर्वक नोंद. एखाद्या संस्थेने आपल्याच शौर्यपदकाच्या जन्मदाखल्यात अशी कबुली द्यावी, हे विरळाच. पहिलं पदक त्याच्या कुटुंबाला प्रत्यक्ष मिळालं 2016 मध्ये. 2019 मध्ये मलावीच्या चान्सी चितेते या सैनिकाला मिळालं. काँगोत जखमी सहकाऱ्याला वाचवताना तो मारला गेला होता. 2022 मध्ये मालीत मरण पावलेल्या चाडच्या कॅप्टन अब्देलरझाक हमीत बहार यांना. तिघंही मरणोत्तर.

मला यात एक ढब दिसते. मोठ्या संस्थांना जे शौर्य आवडतं ते प्राण वाचवणारं आणि स्वतःचा प्राण देणारं. अशा शौर्यासमोर संस्थेला फक्त मान झुकवावी लागते, उत्तर द्यावं लागत नाही. दियानने नियम मोडले होते, पण मेलेल्या माणसाचा शिस्तभंग कोण काढतो? तोच जिवंत परतला असता तर त्याच्या फायलीत कौतुक लागलं असतं की ताशेरे, सांगता येत नाही. देमसारख्याचा गौरव करायचा तर मात्र समारंभात पहिला प्रश्न उभा राहतो: याने शस्त्रं पाहिली, मग तुम्ही काय केलंत? हा प्रश्न पदक देणाऱ्या हाताला चटका देतो. म्हणून ते पदक निघतच नाही.

गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या गौरवाला सहसा तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, खबर चुकीची निघू शकते. बरोबर आहे. जाँ-पियेर कितपत विश्वासार्ह होता यावर पुढे अभ्यासकांनी आणि रवांडाच्या कत्तलीचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातल्या वकिलांनी पुष्कळ खल केला, आजही तो वाद मिटलेला नाही. पण शौर्य खबरीच्या खरेखोटेपणात नसतं. खबर पडताळायला जीव धोक्यात घालून जाणं आणि शंका असेल तर तीही लिहून देणं, यात ते असतं. सुरुंग शोधायला गेलेल्या सैनिकाला सुरुंग सापडला नाही म्हणून आपण भित्रा म्हणत नाही.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. मानपत्रात सगळं लिहिलं तर खबऱ्याचा गळा कापला जाईल. हा आक्षेप खरा आहे, पण तो मांडणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही, कारण खबऱ्याच्या गळ्याची काळजी वेळेवर कुणी घेतलेली दिसत नाही. जाँ-पियेरने संरक्षण मागितलं तेव्हा सगळ्यांनी नियम दाखवले. ज्या अधिकाऱ्याने शब्द दिलेला असतो त्याच्या मनावर याचं काय ओझं राहत असेल, त्याला कुठल्याही पदकाने उतारा नाही. स्थानिक माणसाला दिलेला शब्द संस्थेने पाळणं हा त्या अधिकाऱ्याच्या गौरवाचाच भाग मानायला हवा.

तिसरा आक्षेप म्हणजे युनोने गुप्तवार्तेच्या भानगडीत पडूच नये. शांतिमोहिमांचा फेरविचार करायला नेमलेल्या लखदर ब्राहिमी यांच्या समितीने 2000 साली मुख्यालयात माहितीचं विश्लेषण करणारा कक्ष सुचवला होता. सदस्य देशांनी तो हाणून पाडला, आणि त्यात विकसनशील देश पुढे होते. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. बड्या राष्ट्रांच्या हेरखात्यांना युनोची झूल पांघरायला मिळाली असती. पण 1960 च्या दशकात काँगोत युनोची लष्करी माहिती शाखा होती आणि ती काँगोतून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताच्या फौजांचे बिनतारी संदेश ऐकत होती, हेही खरं आहे. गरज पडली की करायचं आणि मग केलंच नाही म्हणायचं, असा हा व्यवहार. शेवटी 2017 मध्ये युनोने शांतिसेनेतल्या गुप्तवार्तेचं अधिकृत धोरण आणलं, तोवर मालीत शांतिसैनिक भराभर मरू लागले होते. आता तो विभाग आहे, अधिकारी आहेत, त्यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या कामाची दाद कशी द्यायची, हे मात्र अजून कुणी नीट ठरवलेलं नाही.

भारताला यात बोलायचा अधिकार आहे. आजवर सुमारे 180 भारतीय शांतिसैनिक कामी आलेत. काँगोत एलिझाबेथविलला 5 डिसेंबर 1961 रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी मूठभर गोरखा सैनिकांनिशी नाकेबंदी फोडली. शांतिसेनेत परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव. ज्यांनी कारकिर्दीची सुरुवात मराठा लाइट इन्फंट्रीत केली, ते सतीश नंबियार 1992 मध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले. मुंबईच्या आयआयटीत शिकत असताना सैन्यात गेलेल्या मेजर राधिका सेन यांना काँगोतल्या कामासाठी 2024 मध्ये युनोचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या पलटणीचं काम गावोगावच्या बायकांशी बोलायचं, त्यांना भीती कशाची वाटते ते समजून घ्यायचं. ते गुप्तवार्तेचं काम नव्हे, पण ऐकून घेण्याच्या कामालाही मान मिळू शकतो, आणि तो जिवंतपणी मिळू शकतो, हे त्यातून दिसलं.

पण आपल्या खात्यात दुसराही एक अनुभव आहे. 2000 साली सिएरा लिओनमध्ये शांतिसेनेचे सेनापती मेजर जनरल विजय जेटली होते. त्या मे महिन्यात बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं. कैलाहूनला भारतीय सैन्याच्या दोन कंपन्या वेढ्यात सापडल्या, पण त्यांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत. जुलैत 'ऑपरेशन खुकरी'ने वेढा फोडून त्यांना सोडवलं. हा पराक्रम आपल्याकडे आता हळूहळू सांगितला जातो. त्याच काळात जेटलींनी एक गोपनीय टिपण लिहिलं होतं, ते मात्र क्वचित आठवतं. शांतिसेनेतल्याच काही नायजेरियन वरिष्ठांचे बंडखोरांशी हिऱ्यांच्या व्यवहारात लागेबांधे आहेत, असा आरोप त्यात होता. सप्टेंबरमध्ये ते टिपण फुटलं. नायजेरियाने आरोप साफ फेटाळले आणि जेटलींना हटवण्याची मागणी केली. भारताने आपलं सैन्य परत बोलावलं. आरोप खरे होते की खोटे, याचा सोक्षमोक्ष बाजूलाच राहिला. चर्चा झाली ती टिपण लिहिल्याबद्दल. वेढा फोडणं शौर्य ठरलं, आणि जे दिसलं ते लिहिणं राजनैतिक डोकेदुखी.

पुण्यात भारतीय लष्कराची गुप्तवार्ता प्रशिक्षणाची संस्था आहे. पुणेकरांना खडकवासल्याची प्रबोधिनी ठाऊक असते, एएफएमसी हे लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय ठाऊक असतं, ही सहसा नसते. (ते ठीकच आहे म्हणा.) तिथून तयार होणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांपैकी काहीजण उद्या दक्षिण सुदानला जातील. त्यांना काय सांगायचं? धाडस करा, मेलात तर पदक आहे? माझ्या मते शांतिमोहिमेतल्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या मानपत्रात तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात: त्याने काय आणि कधी कळवलं, ते कोणत्या पातळीपर्यंत पोचलं, आणि त्यावर काय निर्णय झाला. खबऱ्यांना धोका असेल तोवर हे सीलबंद राहू दे, वीस वर्षं, पंचवीस वर्षं. पण ते लिहिलं जाईल आणि एक दिवस उघडेल, हे आज निर्णय घेणाऱ्याला माहीत असू दे. न्यूयॉर्कमधल्या खुर्चीवर बसून "अधिकारात बसत नाही" असं लिहिताना एखाद्याचा हात थोडा जरी अडखळला, तरी पुष्कळ झालं.

युनोच्या शांतिसेना समितीत भारताने ही मागणी मांडली तर समोरचा पहिल्याच बैठकीत आपल्याला आरसा दाखवेल. 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सहा दशकांनंतरही आपण अधिकृतपणे उघड केलेला नाही. तेव्हा आधी घरची कपाटं उघडा, असं कुणी म्हणालं तर त्याला काय उत्तर देणार? निदान एक उत्तर आपल्याजवळ आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्तेच्या त्रुटींवर अहवाल दिला, तेव्हा सरकारने नाजूक मजकूर वगळून बाकीचा छापला. वगळलेल्या जागा पुस्तकात तशाच ठेवल्या, संसदेपुढे तसाच मांडला, आणि विकायलाही ठेवला. ज्या जागा गाळल्या त्या गाळलेल्या दिसतात, उरलेलं कुणालाही वाचता येतं. खबऱ्याचं नाव झाकून निर्णयाची तारीख छापायला याहून वेगळी कुठली कला लागत नाही.